कोळंबी, चिंबोरी आणि घड्याळ

आमच्या गौलीगुड्याहून समुद्र जवळ नाही. पूर्वेस मच्छलीपट्टणास जावयाचे तर सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा रस्ता कापावा लागतो, आणि मुंबई तर सातशे किलोमीटरांवर राहिली. असे असता समुद्रातील जीव घरी उकडून खाण्याची रीत शाळेच्या वार्षिक अंकात का सांगावी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. त्यातून आमच्या मराठी वस्तीतील पुष्कळ घरांची मुळे मराठवाड्यात. काही घरांत तर मासळीचे नावही निघत नाही. त्या घरांचा योग्य तो मान राखून आम्ही हा लेख लिहीत आहो. ज्यांना हे अन्न वर्ज्य आहे त्यांनी यातील पदार्थविज्ञान तेवढे घ्यावे आणि बाकीचे सोडून द्यावे. ज्या घरांत मासळी शिजते त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावे, कारण या पदार्थात नुसती चव बिघडण्याचे भय नाही. हलगर्जीपणा झाला तर माणूस आजारी पडतो.

शिवाय समुद्र दूर असला तरी आमचे त्याच्याशी नाते आहेच. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड असा मराठी मुलूख ओलांडून तेलुगू मुलखात शिरते आणि राजमहेंद्रीच्या पुढे अनेक मुखांनी समुद्रास मिळते. तेथे काकिनाड्याजवळ कोरिंग्याची विस्तीर्ण खारफुटी आहे. तिच्या चिखलात मोठ्या नांग्यांचे काळपट हिरवे खेकडे राहतात. अलिबागेकडे यांनाच चिंबोऱ्या म्हणतात, मालवणात कुर्ल्या, आणि आमच्या बाजारातले तेलुगू विक्रेते पीतलु म्हणतात. कोळंबीलाही अशीच तीन-चार नावे आहेत. मालवणी माणूस सुंगटे म्हणतो, दखनी बोलणारा झिंगे म्हणतो, तेलुगू विक्रेता रोय्यलु म्हणतो. सारांश, पैठणच्या घाटावरून वाहणारे पाणी ज्या खाडीत जाते, त्याच खाडीकडचा जीव बर्फात बसून बेगम बाजारात येतो. हा योग आम्हांला फार मौजेचा वाटतो.

आता मूळ पदार्थाकडे वळू. मोठ्या भांड्यात खारे, मसालेदार पाणी उकळून त्यात बटाटे, मक्याची कणसे, खेकडे व कवचासकट कोळंबी शिजवावयाची, पाणी निथळून सर्व ढीग एकाच मोठ्या पानावर ओतावयाचा आणि भोवती बसून हातांनी सोलून खावयाचे, असे याचे स्वरूप आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाजवळच्या लुइझियाना प्रांतात गोड्या पाण्यातील चिंगाटीसारखा एक जीव अशा रीतीने शिजवितात. १७५५ सालापासून अकेडिया प्रदेशातून हाकलून लावलेल्या फ्रेंच भाषिकांचे वंशज तेथे आहेत, आणि त्यांच्या मेजवान्यांचे हे मुख्य अंग आहे. स्वीडनमध्ये ऑगस्ट महिन्यात शेपूच्या तुऱ्यांसह तोच प्रकार करतात. आपल्या कोकणात तिसऱ्या उकडतात तोही याच कुळातला म्हणता येईल; मात्र तेथे पाणी जवळजवळ घालीतच नाहीत. शिंपले धुऊन पातेल्यात टाकावेत, झाकण ठेवावे, की वाफेने ते उघडतात आणि आपलेच खारे पाणी सोडतात. ते पाणी गाळून कालवणात घालतात. आमची आजी रत्नागिरीकडची. तिच्या मते तिसऱ्यांचे पाणी टाकून देणारी सून आणि दुधावरची साय टाकून देणारी सून एकाच मापाची!

या सर्व रीतींत एक समान गोष्ट आहे. येथे खोबऱ्याचे वाटण नाही, चिंचेचा कोळ नाही, तळणीचे तेल नाही. कालवणात मसाल्याआड काही उणेपणा झाकला जातो; उकडीच्या भांड्यात काहीच झाकत नाही. जिन्नस ताजा हवा आणि वेळ अचूक हवी. या दोन गोष्टींपैकी एकही चुकली तर पदार्थ बिघडला. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, फजितीतून शिकलो.

झाले असे की, पाहुणे येणार म्हणून आम्ही मोठ्या हौसेने किलोभर कोळंबी आणि चार चिंबोऱ्या आणल्या. घरातील नेहमीच्या पातेल्यात दोन लिटर पाणी तापविले आणि बटाट्यांपासून कोळंबीपर्यंत सगळे एकदमच त्यात लोटले. बटाटा शिजेपर्यंत थांबावयाचे, असा आमचा साधा हिशेब होता. पंचवीस मिनिटांनी बटाटे उत्तम शिजले. कोळंबी मात्र आकसून अंगठ्याच्या पेराएवढी झाली होती आणि चावताना खोडरबराची आठवण येत होती. पाहुण्यांनी सभ्यपणाने वाखाणणी केली. आजीने कोळंबी बाजूला सारून दोन बटाटे मीठ लावून खाल्ले आणि हात धुतले. ती काही बोलली असती तर बरे झाले असते.

चूक कोठे झाली? विज्ञानाच्या तासाला शिकलेल्या गोष्टींनीच तिचा उलगडा होतो. कोळंबीचे मांस म्हणजे मुख्यत्वे पाणी आणि प्रथिने. अंड्याचा बलक जसा उष्णतेने गोठतो, तशी ही प्रथिनेही गोठतात. पन्नास अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांस आरंभ होतो. काचेसारखे पारदर्शक मांस दुधी दिसू लागते. गाभ्यात ६३ अंश उष्णता पोहोचली म्हणजे मांस शिजले व खाण्यास योग्य झाले असे अमेरिकन सरकारचे आहारविषयक मार्गदर्शन सांगते. परंतु उष्णता याच्याही पुढे, सत्तरीच्या वर चढली, की स्नायूंतील तंतू आखडतात आणि पिळलेल्या कपड्यासारखे आतील पाणी बाहेर टाकतात. कोळंबी मुळात चिमुकली. भोवती उकळते पाणी असता तिला पहिल्या टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यावर जावयास दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. बटाट्याचे तसे नाही. त्यातील पिठूळ अंश आणि पेशींच्या भिंती मऊ होण्यास उकळत्या पाण्यातही वीस-पंचवीस मिनिटे हवीत. म्हणजे दोघांना एकाच क्षणी पाण्यात सोडणे हाच मूळ दोष. पाण्याची उष्णता सर्वांना सारखीच. प्रत्येकाला वेगळी देता येईल अशी एकच वस्तू स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती आहे, ती म्हणजे वेळ.

दुसरी चूक पाण्याच्या मापाची होती, आणि ती वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावी अशी आहे. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे येथे पाणी शंभर अंशांवर न उकळता सुमारे ९८ अंशांवर उकळते. बर्फातून काढलेल्या कोळंबीची उष्णता ५ अंश धरू. तिची विशिष्ट उष्णता पाण्याच्या साधारण ०.८५ पट असते. दोन लिटर उकळत्या पाण्यात अशी एक किलो कोळंबी टाकताच मिश्रणाची उष्णता एकदम सत्तर अंशांच्या घरात उतरते. घरच्या शेगडीवर ते पाणी पुन्हा उकळावयास बराच वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात किती शिजले याचा अंदाज घड्याळ देऊ शकत नाही. तीच कोळंबी पाच लिटर पाण्यात टाकली तर उष्णता ८५ अंशांच्या आसपास थांबते आणि पाणी लवकर सावरते. मोठे पातेले घेणे ही चैन नाही, असे आम्ही आता शेजाऱ्यांनाही सांगतो. बेगम बाजारात भांड्यांची दुकाने हारीने आहेत. दहा लिटरांचे जाड बुडाचे पातेले तेथे सहज मिळते. ते दोन-तृतीयांशाहून अधिक कधीही भरू नये.

मिठाबद्दलही एक गैरसमज आढळतो. मीठ घातल्याने पाणी पुष्कळ अधिक तापते आणि म्हणून पदार्थ लवकर शिजतो, असे काही जण सांगतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आम्ही लिटरमागे २० ग्रॅम मीठ घालतो, म्हणजे पाच लिटरांस १०० ग्रॅम. एवढ्या मिठाने उत्कलनबिंदू जेमतेम एक-तृतीयांश अंशाने चढतो. त्याचा शिजण्याशी काही संबंध नाही. मीठ हवे ते चवीसाठी. कोळंबीचे कवच आणि बटाट्याची साल यांतून थोड्या वेळात चव आत जावयाची तर बाहेरचे पाणी चांगलेच खारट असले पाहिजे. अळणी पाण्यात उलट जिन्नसाचीच गोडी पाण्यात उतरते. हे पाणी मात्र पिण्याजोगे राहत नाही, हे तिसऱ्यांच्या पाण्याची सवय असलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

मसाल्याच्या बाबतीत आमच्या शहराला बाहेर कोठे पाहण्याची गरज नाही. नहारी शिजविताना येथील बावर्ची पोटलीचा मसाला वापरतात. सुगंधी मुळ्या, दगडफूल वगैरे जिन्नस मलमलीच्या फडक्यात बांधून रश्शात सोडतात. हीच युक्ती आम्ही उचलली. धने, मिरे, लवंग, तमालपत्र, थोडे दगडफूल आणि सात-आठ सुक्या मिरच्या यांची पुरचुंडी बांधावी. लसणीचे दोन अख्खे गड्डे आडवे चिरून, दोन कांदे आणि दोन लिंबांच्या फोडी यांसह ती पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळू द्यावी. मसाला फडक्यात राहिल्याने कवचांना कचकच लागत नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात खेकड्यांसाठी जो ‘ओल्ड बे’ नावाचा मसाला प्रसिद्ध आहे, तो गुस्ताव ब्रुन या जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या ज्यू निर्वासिताने तेथे येऊन तयार केला. घर सुटले तरी मसाल्याचे ज्ञान त्याच्याबरोबर आले होते. पंजाब-सिंधमधून १९४७ नंतर आमच्या शहरात आलेल्या कुटुंबांनाही हे नव्याने सांगावयास नको.

आता खरेदी. बेगम बाजाराचा मासळीबाजार गौलीगुड्याहून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, आणि सकाळी लवकर जाणे हेच शहाणपणाचे. आमच्याकडे मृग नक्षत्र लागले की पेरणीची आठवण होते. हैदराबादेत मात्र मृगाच्या दिवशी मासे खाण्याची जुनी चाल आहे. जूनच्या ७-८ तारखेला बाजारात पाय ठेवावयास जागा नसते आणि मरळ माशाचा भाव आकाशाला भिडतो. शिवाय पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीस बंदी असते. तेव्हा या दिवशी उकडीचा बेत करू नये हे उत्तम. कोळंबी मात्र वर्षभर मिळते, कारण ती आता बहुतांशी भीमवरमकडच्या तळ्यांत वाढविलेली असते. तिच्यातील व्हॅनामी ही जात मूळची अमेरिकेच्या प्रशांत महासागराकडील किनाऱ्याची. भारतात तिच्या पालनास २००९ साली परवानगी मिळाली.

कोळंबी पारखताना नाक हे पहिले साधन. ताज्या कोळंबीला खाऱ्या वाऱ्यासारखा मंद वास असतो. नवसागरासारखा उग्र दर्प आला की पुढे चालू लागावे. डोके धडाला घट्ट असावे, कवच चकचकीत व ओलसर असावे, बोटात बुळबुळ लागू नये. चिंबोरी जिवंतच घ्यावी. पायांना दोरा बांधलेला असला तरी डोळ्यांजवळ बोट नेताच ती ते आत ओढते. अवसेच्या सुमारास खेकडे मांसाने भरलेले असतात आणि पुनवेला पोकळ निघतात, असे कोकणातील जुनी माणसे म्हणतात. आम्ही तिथी न पाहता चिंबोरी हातात तोलून पाहतो. आकाराच्या मानाने जड लागली तीच घेतो. “मेलेला खेकडा फुकट मिळाला तरी दारातच सोडावा,” हे आजीचे वाक्य आमच्या घरी नियमासारखे पाळले जाते. खेकडा मेला की त्याच्या पोटातील जंतू उष्ण हवेत भराभर वाढतात, आणि येथील उन्हाळा कसा असतो हे सांगणे नको.

जंतूंची ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९५० साली जपानमधील ओसाका येथे शिरासु नावाची बारीक अर्धसुकी मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली व त्यांतील २० दगावली. त्या वेळी त्सुनेसाबुरो फुजिनो या शास्त्रज्ञाने ज्या जंतूचा शोध लावला, तो व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस खाडीच्या कोमट पाण्यात सर्वत्र आढळतो. नीट शिजविल्याने तो मरतो. परंतु कच्ची कोळंबी ठेवलेल्या ताटातच शिजलेली कोळंबी काढली, तर केलेले सर्व शिजविणे व्यर्थ जाते. म्हणून आमच्याकडे कच्च्याचे ताट चुलीजवळ आणावयाचेच नाही असा दंडक आहे.

चिंबोरी जिवंत उकळत्या पाण्यात सोडावी काय, हा प्रश्न आमच्या मुलाने विचारला तेव्हा आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. पिढ्यान्‌पिढ्या तसे करीत आले आहेत, हे काही उत्तर नव्हे. स्वित्झर्लंडने २०१८ साली शेवंड्याच्या जातीचा जीव शुद्धीवर असताना उकळत्या पाण्यात टाकण्यास कायद्याने मनाई केली, आणि ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, कोळंबी यांना वेदना जाणणारे जीव मानले. आम्ही आता एक मध्यम मार्ग काढला आहे. विक्रेत्यास सांगून चिंबोरी अर्धा तास बर्फात पुरून ठेवावयाची. थंडीने ती निश्चल होते. मग आमच्यासमोर एका घावात तिचे दोन भाग करून कल्ले, पोटाची पिशवी काढून घ्यावयाची, आणि बर्फासह घरी आणून तासाभराच्या आत शिजवावयाची. मांसाहार करावयाचा तर एवढी तसदी घेणे आम्हांस प्राप्तच वाटते.

घरी आल्यावर कोळंबीचे कवच काढू नये; तेच मांसाचे संरक्षण करते. कात्रीने पाठीवर चीर देऊन आतील काळा दोरा, म्हणजे तिचे आतडे, सुईने ओढून काढावा. एवढे झाले की घड्याळ समोर ठेवावे. सहा माणसांसाठी किलोभर कोळंबी, चार चिंबोऱ्या, अर्धा किलो लहान बटाटे आणि तीन कणसांचे तुकडे पुरतात. मसाल्याचे पाणी खळखळत असता प्रथम बटाटे सोडावेत. आठव्या मिनिटाला कणसे, तेराव्या मिनिटाला चिंबोऱ्यांचे भाग. तेविसाव्या मिनिटास सुरी बटाट्यात सहज जाते की नाही ते पाहावे. जात नसेल तर थांबावे, कोळंबीला घाई नाही. बटाटा मऊ झाला की पाण्यास पूर्ण उकळी असतानाच कोळंबी टाकावी आणि तीन मिनिटे मोजावीत. ती अर्धचंद्रासारखी वळली आणि सर्वांगाने दुधी-तांबूस झाली की तयार. शेपूट डोक्याला टेकून कडे झाले तर उशीर झाला असे समजावे.

हा तांबडा रंग कोठून येतो, असे मुले हटकून विचारतात. तो बाहेरून येत नाही. कवचात मुळातच असतो. अ‍ॅस्टाझँथिन नावाचे हे तांबडे द्रव्य गाजरातील रंगाचे नातेवाईक आहे. जिवंतपणी ते एका प्रथिनाच्या मिठीत घट्ट आवळलेले असल्यामुळे निळसर-हिरवे भासते. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडली की रंग मोकळा होतो. त्या प्रथिनाची रचना मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडून दाखविली.

उकळत्या पाण्याने भरलेले ते पातेले उचलून मोरीत उपडे करण्याचा मोह कोणीही करू नये, आणि मुलांनी तर त्यास हातही लावू नये. जाळीदार झाऱ्याने सर्व जिन्नस वर काढावेत. भाजण्याचे अपघात असल्याच घाईत होतात.

अजून एक अनुभव सांगणे आमचे कर्तव्य आहे. पदार्थ साधू लागल्यावर एके रविवारी आम्ही मुलाच्या मित्रांना बोलाविले. त्यांतील एका मुलाने दोनच कोळंब्या खाल्ल्या असतील. त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि घसा दाटल्यासारखा होऊ लागला. रिक्षात घालून त्यास ताबडतोब रुग्णालयात नेले, तेथे इंजेक्शन दिल्यावर तो तासाभरात सावरला. त्याची आई आल्यावर कळले की पूर्वी एकदा कोळंबीने त्याच्या अंगाला खाज सुटली होती; आम्ही विचारले नव्हते, म्हणून तिने सांगितले नव्हते. कवचधारी जिवांच्या मांसात ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते. काही माणसांच्या शरीरास ते शत्रूसारखे वाटते, आणि कितीही उकळले तरी त्याचा हा गुण जात नाही. क्वचित भांड्याच्या वाफेनेही त्रास होतो. जंतू मरतात, हे मरत नाही. तेव्हापासून आम्ही पाहुण्यांस आमंत्रण देतानाच विचारतो, आणि संशय असेल तर बेत बदलतो. सूज चढू लागली किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायांत एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे.

परदेशात हा ढीग वर्तमानपत्रावर ओततात. आपल्याकडे छपाईची शाई अन्नास लागू नये म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच इशारा दिला आहे. तेव्हा आम्ही केळीची दोन मोठी पाने जोडून मांडतो. वाटीभर लोणी वितळवून त्यात ठेचलेली लसूण व तिखट घालावे. आजीसाठी कोकमाचे आगळ वेगळ्या वाटीत असते. काटे-चमचे नाहीत, वाढपी नाही. नांग्या फोडण्यासाठी खलबत्त्याचा बत्ता एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. सोलावयास वेळ लागतो, त्यामुळे गप्पा आपोआप लांबतात. आजीने त्या दिवशी अकरा कोळंब्या खाल्ल्या. बटाटा तिने घेतलाच नाही.

जेवण आटोपल्यावर टरफले त्याच रात्री दुहेरी पिशवीत घट्ट बांधावीत. आमचा जिना समाईक आहे, वरच्या मजल्यावरील कुटुंब शाकाहारी आहे, आणि उन्हाळ्यात सकाळपर्यंत त्या टरफलांना जो वास सुटतो तो लिंबाने धुऊनही जात नाही. पिशवी आम्ही सकाळी घंटागाडी येईपर्यंत झाकणाच्या डब्यात ठेवून वर वीट ठेवतो, कारण गल्लीतील मांजराला आमचा रविवार केव्हाच पाठ झाला आहे.